संशयाचा फायदा कोणाला?

२०२४ साल सरता सरता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक चमत्कारिक विकार उद्भवला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले आणि अवघ्या काही दिवसांत डोक्याला टक्कल पडू लागले. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासले गेले, जानेवारी २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली. पुढे, विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वश्रुत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. जळगाव जामोदपासून शेगाव काही दूर नाही. साहजिकच या प्रकाराची चर्चा आमच्याकडेही झाली.

या घटनेचा वैद्यकीय उलगडा करणे हा आमचा अधिकार नव्हे. तिच्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र आम्हांला महत्त्वाचा वाटतो. केस गळतात ते दिसते. जे दिसते त्याची दखल घेतली जाते. परंतु जी हानी दिसतच नाही, जी आज होते आणि वीस वर्षांनी प्रकट होते, जी आईच्या शरीरातून जाते आणि मुलीच्या शरीरात उगवते, तिची दखल कोणी घ्यावयाची? आणि ती झाली की नाही याविषयी जाणकारांतच मतभेद असतील, तर तोपर्यंत आपण कसे वागावे? हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो. पण थोडा खोलवर विचार केला तर तो नीतिशास्त्राचा आहे.

सेलेनियमचेच पाहा. हे द्रव्य शरीराला अत्यल्प प्रमाणात हवे असते; ते वाढले की विष होते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने मांडलेला, मात्रेवरूनच विष ठरते, हा सिद्धान्त विषशास्त्राचा पाया मानला गेला. मात्रा कमी तर अपाय कमी, मात्रा अगदीच क्षुल्लक तर अपाय शून्य, असे आपण त्यावरून धरून चाललो. पाण्यातील, अन्नातील बहुतेक सुरक्षित मर्यादा याच तर्कावर ठरल्या. सामान्य विषांच्या बाबतीत हा तर्क पुष्कळसा खराही आहे.

परंतु आपल्या शरीरात एक व्यवस्था अशी आहे की जिचा सारा कारभार क्षुल्लक मात्रेवरच चालतो. ती म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींची व्यवस्था. थायरॉइड, अधिवृक्क, बीजांडे, वृषण या ग्रंथी रक्तात संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, सोडतात. ही संप्रेरके म्हणजे जणू शरीराचे निरोपे. कुलपाला किल्ली लागावी तशी ती पेशींवरील ठरावीक जागी लागतात आणि वाढ, पाळी, प्रजनन, मेंदूची घडण यांचे आदेश देतात. त्यांचे प्रमाण किती सूक्ष्म असते याची कल्पना टँकरवर जगणाऱ्या आपल्या भागात सहज करता येईल. दहा हजार लिटरच्या शंभर टँकरांत मिळून एक ग्रॅम पदार्थ विरघळवला, तर त्याचे प्रमाण शंभर कोटींत एक भाग होते. स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजन बहुतेक वेळा याहूनही कमी प्रमाणात आपले काम चोख करीत असते. आता एखादे परके रसायन त्या किल्लीसारखे दिसू लागले, किंवा कुलपात अडकून खऱ्या किल्लीची वाट अडवू लागले, तर त्याची मात्रा क्षुल्लक आहे एवढ्यानेच निर्धास्त कसे राहावे? १९९१ मध्ये अमेरिकेतील विंगस्प्रेड येथे थिओ कोलबर्न यांच्या पुढाकाराने जमलेल्या वैज्ञानिकांनी अशा रसायनांना संप्रेरकांत व्यत्यय आणणारी रसायने असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०१२ च्या अहवालात असा परिणाम ज्ञात असलेली किंवा तसा संशय असलेली सुमारे ८०० रसायने असल्याचे म्हटले आहे.

येथे मात्रेइतकेच, किंबहुना काही वेळा तिच्याहून अधिक, महत्त्व वेळेला येते. प्रौढ माणसाच्या शरीरावरून जे निघून जाईल, ते गर्भात अवयव घडत असताना कायमची खूण ठेवून जाऊ शकते. मातीचे मडके भाजल्यावर त्यावर बोट दाबले तर काही होत नाही. ते चाकावर असताना तेच बोट त्याचा आकार बदलते.

याचा पहिला मोठा धडा औषधाने दिला. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजन गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गरोदर स्त्रियांना दिले जाई. १९५३ मध्ये शिकागो येथील चाचणीत त्याचा काही उपयोग नसल्याचे दिसून आले, तरी ते दिले जात राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी असे दाखवले की, तरुण मुलींमध्ये आढळलेल्या योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध त्यांच्या मातांनी गरोदरपणी घेतलेल्या या औषधाशी होता. आईने गोळी घेतली तेव्हा तिला काहीच झाले नव्हते. ती मात्रा काही क्षुल्लक नव्हती, हे खरे. परंतु हानी एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या देहात आणि एका पिढीतून दुसरीत कशी जाते, हे त्यातून ढळढळीत दिसले.

दुसरा धडा शेतीच्या आणि घरांच्या भिंतींवरच्या फवारणीतून आला. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवण्यात आले होते. सुमारे अर्ध्या शतकानंतर संशोधकांनी त्या नमुन्यांतील डीडीटी मोजले आणि त्या वेळी पोटात असलेल्या मुलींचे पुढे काय झाले ते पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांच्या मातांच्या रक्तात एका प्रकारचे डीडीटी सर्वाधिक होते, त्या मुलींना बावन्न वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका, ते सर्वांत कमी असलेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ चौपट आढळला. पुरावा अर्धशतकभर शीतपेटीत पडून होता. तोवर पोटातल्या मुली आजी होण्याच्या वयाला आल्या होत्या.

परदेशची उदाहरणे देऊन आम्ही थांबणार नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात, डोंगरउतारावरील काजूच्या मळ्यांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. २००० साली ती फवारणी थांबली. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील १० ते १९ वर्षे वयाच्या ११७ शाळकरी मुलांची तुलना अन्यत्रच्या ९० मुलांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पायथ्याच्या गावातील मुलांत वयात येण्याची प्रक्रिया मंदावलेली होती आणि वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावरही परिणाम झालेला दिसत होता. कासरगोडच्या साऱ्या व्याधींचे खापर एकट्या एंडोसल्फानवर फोडता येईल काय, याविषयी काही शास्त्रज्ञांनी शंका उपस्थित केल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकाचे उत्पादन, विक्री व वापर देशभर थांबवला. २०१७ च्या जानेवारीत पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने केरळ सरकारला दिला.

आमचे जळगाव जामोदही एका डोंगराच्या, सातपुड्याच्या, पायथ्याशी वसलेले आहे. आमच्याकडे हेलिकॉप्टर आले नाही. आमची फवारणी पाठीवरच्या पंपाने होते. कपाशी, सोयाबीन, मका, तूर आणि डोंगराकडेच्या गावांतील संत्र्यांच्या बागा यांवर ती वर्षानुवर्षे होत आली आहे. कासरगोडात जे घडले तेच येथे घडले, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. परंतु एंडोसल्फान हे बंदीपूर्वी देशभरच्या कपाशीवरील नित्याचे औषध होते. लाल कोळी या किडीवर वापरले जाणारे डायकोफॉल हे डीडीटीचेच भावंड. १९८० मध्ये फ्लोरिडातील अपोप्का सरोवराजवळ त्याची गळती झाली आणि नंतरच्या अभ्यासात तेथील नर मगरींमध्ये पुरुष-संप्रेरकाची पातळी खालावलेली आढळली. भारतात त्याच्यावर बंदी आली ती २०२३ मध्ये. ही त्रेचाळीस वर्षे आम्हांला विचार करावयास लावतात.

कृषी केंद्रातून आणलेल्या डब्यावर एक रंगीत चौकोन असतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य, असा क्रम आहे. हा रंग कशावरून ठरतो? प्रयोगशाळेतील प्राणी किती मात्रेने तत्काळ मरतात, यावरून. थोडक्यात, तो रंग एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे पोटात किंवा अंगावर गेले तर जीव लगेच जाईल काय? थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर काय होईल, गरोदर स्त्रीच्या शरीरात गेले तर काय होईल, या प्रश्नांना त्या रंगापाशी उत्तर नाही. मँकोझेब हे बुरशीनाशक तत्काळ मृत्यूच्या कसोटीवर अगदी सौम्य ठरते. परंतु संप्रेरकांवरील व प्रजननावरील परिणामांचा विचार करून युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस त्याचा परवाना पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. हिरव्या रंगाचा अर्थ शेतकरी निर्धोक असा घेतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. अर्धे सत्य सांगणारी खूण कधी कधी असत्याहून अधिक फसवी असते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला, चौकशी पथक नेमले गेले. तेथे मृत्यू होता, तारीख होती, रुग्णालयातील खाट होती. संथ हानीपाशी यांतले काहीच नसते. उशिरा वयात येणारा मुलगा, मूल न होणारे जोडपे, थायरॉइडच्या गोळ्या घेणारी तरुणी, यांपैकी कोणाच्याही कपाळावर कारण लिहिलेले नसते. त्यांच्या दुःखाला अन्य शंभर कारणे असू शकतात, आणि पुष्कळदा असतातही. म्हणूनच या प्रांतात संशय कधीच पुरता फिटत नाही.

तर मग संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा? न्यायालयात तो आरोपीला मिळतो. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आपल्या हाडीमासी खिळलेले आहे, आणि ते उदात्त आहे. कारण आरोपी हा माणूस असतो, त्याला स्वातंत्र्य असते, अब्रू असते. परंतु रसायन म्हणजे माणूस नव्हे. त्याला अब्रू नाही, घरदार नाही, निर्दोष मानले जाण्याचा जन्मसिद्ध हक्क नाही. असे असता गेल्या शतकात आपण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून माणसाचे सारे हक्क बहाल केले. आणि ज्याला खरोखर माणसाचे हक्क आहेत, त्या पोटातल्या बाळावर मात्र फिर्यादी होऊन पुरावा आणण्याची पाळी आणली. फिर्यादीचा अजून जन्मही झालेला नाही, आणि साक्षीपुरावा तर त्याच्याच देहात पुढे तयार व्हावयाचा आहे. ही उलटापालट हेच या प्रश्नाचे नैतिक मर्म आहे, असे आम्हांला वाटते.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या अभ्यासात एक जुना दाखला दिला जातो. एक शिकारी रानात गेला आहे. झुडपात काहीतरी हलते. ते हरीण असेल, किंवा लाकूडफाटा गोळा करणारी एखादी बाई असेल. हरीण असण्याचा संभव अधिक आहे. त्याने गोळी झाडावी काय? उत्तर एकच आहे: संशय फिटेपर्यंत झाडू नये. आणि समजा त्याने झाडली व ते हरीणच निघाले, तरी तो दोषमुक्त होत नाही. कारण माणूस मरण्याची शक्यता त्याने पत्करली होती. स्वतःच्या जिवावर धोका घेणे वेगळे. दुसऱ्याच्या जिवावर, त्याला न विचारता, धोका घेणे वेगळे.

या दाखल्यावर दोन रास्त आक्षेप येतात. पहिला असा की, झुडपे तर सगळीकडेच हलतात. प्रत्येक भीतीला मान द्यावयाचा तर शेती, औषधे, कारखाने, सारेच बंद करावे लागेल. हे खरे आहे. म्हणून संशय आणि भयगंड यांत फरक केला पाहिजे. जेथे रसायन संप्रेरकाच्या जागी कसे लागते हे प्रयोगशाळेत दिसले आहे, प्राण्यांत परिणाम आढळला आहे, आणि माणसांतही काही अभ्यासांनी त्याच दिशेकडे बोट दाखवले आहे, तेथे झुडपामागे लुगड्याचा पदर दिसला असे समजावे. केवळ अफवेला हा मान देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शिकाऱ्याची मुले उपाशी असली तर? डीडीटीनेच पुढे स्तनाच्या कर्करोगाचा संशय निर्माण केला, आणि त्याच डीडीटीने आपल्या देशातील मलेरियाचे रुग्ण स्वातंत्र्याच्या वेळच्या सुमारे साडेसात कोटींवरून १९६५ पर्यंत एक लाखाच्या आसपास आणले. तेव्हा ज्यांनी घराच्या भिंती फवारून घेतल्या, त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार आज कोणालाही नाही. तसेच बोंडअळीने पऱ्हाटी पोखरलेली, डोक्यावर कर्ज, आणि पावसाचा नेम नाही, अशा शेतकऱ्याला फवारू नकोस असे सांगून आपण मोकळे झालो, तर ती नीती नव्हे, क्रूरता होय. उपाशी शिकाऱ्याच्या बाबतीत उत्तर असे आहे की, त्याला गोळी झाडावी लागू नये इतकी भाकर त्याच्या घरी पोहोचवणे हे इतरांचे कर्तव्य ठरते. कर्तव्य नाहीसे होत नाही. ते फक्त खांदे बदलते.

आणि हे खांदे कोणाचे, याचा विचार करताना अज्ञानाचे प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. एक अज्ञान असे की जे माणसाला टाळताच येत नाही. त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. दुसरे असे की थोडे कष्ट घेतले असते तर जे दूर झाले असते. आणि तिसरे, जे माणूस जाणूनबुजून जपतो, कारण कळले तर वळावे लागेल. संत थॉमस अक्विनास यांनी या तिसऱ्या प्रकारास इच्छापूर्वक मानले आहे, आणि म्हणून ते दोषातून सोडवीत नाही. रोजंदारीने पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराचे अज्ञान पहिल्या प्रकारचे. डब्यावरची सूचना न वाचता, दुकानदाराच्या शब्दावर दोन-तीन औषधे एकत्र कालवणाऱ्या शिकलेल्या बागायतदाराचे दुसऱ्या प्रकारचे. आणि जे तपासले तर अडचणीचे ठरेल ते तपासतच नाही, अशा उत्पादकाचे आणि त्याला मुभा देणाऱ्या शासनाचे अज्ञान तिसऱ्या प्रकारात मोडते.

समाधानाची गोष्ट अशी की, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याला परके नाही. १९९६ मध्ये तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांविषयीच्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व मान्य केले आणि आपले कृत्य निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार ते करणाऱ्यावर ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात, गंभीर व भरून न येणाऱ्या हानीची चिन्हे असतील तेथे पुराव्याचा भार उलटतो, हेच प्रतिपादन केले. न्यायासनाने सांगितले आणि धर्मपीठानेही सांगितले. डब्यावरच्या रंगापर्यंत मात्र ते अद्याप पोहोचलेले नाही.

मोठ्यांनी मोठे करावे. पण लहानांनी करावयाचे काही उरतच नाही असे नव्हे. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण काटकसरीसाठी वापरतो. विषालाही ती तितकीच लागू आहे, आणि म्हणून विष टाळण्यालाही. फवारणीचे रिकामे डबे पाणी किंवा धान्य साठवण्यास घरात न आणणे. फवारणीचे कपडे लेकराबाळांच्या कपड्यांत न धुणे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला औषध कालवण्यास वा ओल्या फवारणीच्या शेतात निंदणास न पाठवणे आणि त्या दिवसांची तिची मजुरी न बुडवणे. कीड मोजून, गरज असेल तेव्हाच फवारणे. गरम अन्न प्लास्टिकच्या पिशवीत न भरणे. यांतील एकाही गोष्टीसाठी विज्ञानाच्या अंतिम निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्यांतील सर्वांत कठीण गोष्ट बाईच्या मजुरीची आहे, कारण तेथे आपल्या सद्‌भावनेला पैसे पडतात.

यावर, एका घराच्या वागण्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. परंतु जी हानी कोणा एकाच्या हातून होत नाही, ती थांबवण्याचे श्रेयही कोणा एकाला मिळावयाचे नाही. येथे कर्तव्य करणाऱ्याला फळ दिसत नाही. ज्या मुलीला तिच्या बावन्नाव्या वर्षी आजार होणार नाही, तिला तो का झाला नाही हे कधीच कळणार नाही, आणि ती कोणाचे आभारही मानणार नाही. पिकाच्या अलीकडे उभे राहून पेरणी करणे शेतकऱ्याला ठाऊक असते. येथे तर पेरणाऱ्याला पीक कधीच दिसणार नाही. तरीही पेरावे लागेल, कारण ज्याला अद्याप आवाज नाही त्याच्या वतीने संशयाचा फायदा मागणारे आज आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही.